पोड, तांडा आणि शाळा

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा किमान चार. शेतशिवारात वऱ्हाडी वळणाची मराठी, पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णीकडच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरबोली, आणि केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजीच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडी व कोलामी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात होती आणि तीत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे साडेअठरा टक्के. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत असल्यामुळे तो या टक्क्यांत धरलेलाही नाही. मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा या चारांपैकी तीन भाषा बहुधा उंबऱ्याबाहेर राहतात.

पूर्वजांचे ज्ञान आणि त्यांची नीतिमूल्ये पुढच्या समाजाला कशी घडवतात, याची चर्चा आपण सहसा नालंदा-तक्षशिलेपासून सुरू करतो. पण यवतमाळ हा त्यासाठी अधिक बोलका जिल्हा आहे. गेल्या दीडशे वर्षांत इथल्या चार वारशांची चार तऱ्हांनी वाटचाल झाली. एक वारसा राज्याच्या मुख्यमंत्रिपदापर्यंत गेला. दुसऱ्याने कायदा मोडून तुरुंग पाहिला. तिसरा शाळेच्या दारात अडला. चौथा बियाण्याच्या पाकिटापुढे हरला. असे का झाले, हे पाहिले की वारसा नेमका कशावर जगतो ते उमगते.

हात आणि नेम

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडाचा प्रमुख नाईक, त्याच्या जोडीला महाजन, आणि ठरावीक कामे वाटून दिलेले घट्या, तारमा हे मानकरी. तंटा चावडीवर मांडायचा आणि तिथेच मिटवायचा, अशी रीत. पूर्वी हे लोक डोंगरउतारावर फिरती शेती करत. इंग्रजी अमलात जंगले राखीव होऊ लागली तशी ती शेती बंद पडत गेली आणि बांबूकाम, रानमेवा, मजुरी यांवर गुजराण आली.

या समाजाकडे काय ज्ञान आहे, असे विचारले तर उत्तर पुस्तकाच्या भाषेत मिळत नाही, कारण ते हातात असते. सूप आणि टोपली विणणाऱ्याला बांबूच्या बेटात उभे राहून कोणता बांबू तोडायचा हे ठरवावे लागते. कोवळ्याची पट्टी वाळताना आक्रसते, फार जुन्याची वळवताना तडकते. मोहाची फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी रात्रीतून आणि पहाटे गळतात. म्हणून झाडाखालची जागा आधी झाडून ठेवायची आणि उजाडताच वेचायला लागायचे. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली अशा ज्ञानाविषयी लिहिले आणि सांगितले की माणूस शब्दांत मांडू शकतो त्याहून अधिक त्याला ठाऊक असते. बांबू विणणाऱ्या आजीला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

या हातातल्या ज्ञानाला नेमाची जोड होती. गोंड-कोलाम समाजांत हंगामाचे नवे फळ, नवे धान्य आधी देवाला, मग माणसाला, अशी प्रथा आहे. भीमायक हा कोलामांचा मोठा देव. नैवेद्य होईपर्यंत हात लावायचा नाही, एवढाच हा नेम वरवर दिसतो. पण फळ पिकेपर्यंत थांबणे, बी तयार होऊन खाली पडू देणे, सगळ्या पोडाला एकाच वेळी वेचायला मिळणे, या तिन्ही गोष्टी त्यात आपोआप साधतात. चारोळीची आजची स्थिती पाहावी. बाजारात भाव चढला, दुसरा कोणी आधी नेईल ही भीती शिरली, की फळे कच्ची असतानाच ओरबाडली जातात आणि कधी फांद्याच तोडल्या जातात. झाड ओळखण्याचे, दगडी कवच फोडून गर काढण्याचे कौशल्य तेच राहते; फक्त नेम सुटतो. मग तेच कौशल्य झाडाच्या मुळावर येते.

ज्ञान आणि मूल्य जोडीने चालतात तोवर दोन्ही उपयोगाची असतात. जोडी तुटली की ज्ञान लुटीचे साधन होते आणि मूल्य नुसते कर्मकांड उरते. पुढच्या प्रत्येक कहाणीत हेच पुन्हा दिसेल.

पेनगंगेपलीकडचा धडा

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पेनगंगा वाहते. तिच्या पलीकडे पूर्वी निजामाचे राज्य होते, आज काही भागात तेलंगण, काही भागात महाराष्ट्रच आहे. दोन्ही काठांवर गोंड, परधान आणि कोलाम राहतात. नदीने त्यांचे नातेगोते कधी तोडले नाही. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. किंगरी वाजवत ते गोंडांच्या सगांच्या, म्हणजे कुळसमूहांच्या, कथा गातात. कोणत्या सगाचे किती देव, कोणाचे कोणाशी सोयरे होते, कोणाशी होत नाही, हे सगळे त्या गाण्यांत असते. इतिहास, धर्म आणि विवाहाचा कायदा एकाच गायकाच्या गळ्यात सांभाळणारी ही शिक्षणव्यवस्थाच होती.

१९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कुमराम भीम मारला गेला. आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न किती पेटला आहे हे निजाम सरकारला त्यानंतर कळले आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला अभ्यासासाठी आदिलाबादेत पाठवण्यात आले. १९४३ मध्ये त्यांनी मारलवाई या खेड्यात गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले. शिक्षक गोंडच, वाचनपाठ गोंडीत आणि लिपी देवनागरी, कारण त्या भागातल्या ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून झालेली होती. मुलाला आधी स्वतःच्या भाषेत वाचता यावे, मग बाहेरच्या भाषेकडे जावे, असा हा सरळ हिशेब होता. याच काळात आदिलाबादेत काम केलेले सरकारी अधिकारी आणि मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्यांनी दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. सरकारी अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकून तिचे व्याकरण लिहावे, हे त्या काळातही दुर्मीळ होते आणि आजही आहे.

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. शाळांत तेलुगू आली आणि गोंडी माध्यमाचा प्रयोग मागे पडला. हायमेनडॉर्फ यांनी पुढे आपल्या लेखनात याची खंत नोंदवली. नदीच्या अलीकडे, यवतमाळात, असा प्रयोग इतक्या प्रमाणात झालाच नाही. कोलामीचा शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र झाला: एम. बी. एमेनो या भाषावैज्ञानिकाचे कोलामीवरचे पुस्तक १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केले. म्हणजे कोलामी कॅलिफोर्नियात छापली गेली, पण पोडाजवळच्या शाळेच्या फळ्यावर आली नाही. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे देशभरात सव्वा लाखांच्या थोडे वर होते.

तांड्यातून जिल्हा परिषदेत

पुसद तालुक्यातल्या गहुली गावची कहाणी याच्या अगदी उलट आहे. बंजारे मूळचे लमाणी व्यापारी. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ते देशभर फिरत. रेल्वे आली आणि तो व्यापार संपला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याची झळ बंजाऱ्यांनाही बसली. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा गेला. पण या पडत्या काळातही तांड्याची रचना टिकली होती. नायक, कारभारी आणि जाणती डायसाणी मंडळी एकत्र बसून निवाडा करत. मुलींच्या तिजेत टोपलीत गहू पेरून वाढवले जात, लग्नात ढावलो गायला जाई, होळीला लेंगी. बंजारा संत सेवालाल महाराजांची शिकवण म्हणून एक सूत्र तांड्यातांड्यांत सांगितले जाते: आधी जाणून घ्या, मग पारखा, आणि नंतरच माना. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाने जपलेली ज्ञानाची ही रीत कोणत्याही विद्यापीठाच्या तोलाची आहे.

गहुलीचे नायक फुलसिंग यांनी आपल्या मुलाला शिकवले. वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. नागपुरात कायद्याची पदवी घेऊन त्यांनी पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली अमरावतीत वकिली सुरू केली, पुढे पुसदला आले आणि १९४६ मध्ये तिथले नगराध्यक्ष झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर लोकशाही विकेंद्रीकरणासाठी त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत नाईक मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर उभी राहिली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. राज्याची चार कृषी विद्यापीठे त्याच काळातली. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९९२ मध्ये, जलसंधारणासाठी स्वतंत्र खाते निघाले.

तांड्याच्या पंचायतीतून थेट जिल्हा परिषद निघाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पंचायत राज्याची चर्चा बलवंतराय मेहता समितीपासून देशभर चालू होती आणि रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. पण निवाडा गावातच व्हावा, जाणत्यांनी एकत्र बसून करावा, हे ज्याच्या घरी रोज घडत होते, त्याला विकेंद्रीकरण पुस्तकातून शिकावे लागले नसेल. वसंतरावांच्या वाट्याला दोन गोष्टी एकत्र आल्या: तांड्याचा संस्कार आणि कायद्याचे शिक्षण. पहिल्याने काय हवे ते कळले, दुसऱ्याने ते कसे लिहायचे ते कळले.

आणि इथेच एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बहुतेक प्राथमिक शाळा त्याच जिल्हा परिषदा चालवतात. गोरबोली बोलत वाढलेल्या माणसाने ज्या व्यवस्थेचा आराखडा दिला, तिच्या वर्गात गोरबोली आणि कोलामी आजही अवघडून बसतात.

गवताचा सत्याग्रह

वणीचे माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे, यांचा वारसा निराळा: संस्कृत विद्येचा. २९ ऑगस्ट १८८० चा त्यांचा जन्म. यवतमाळात वकिली करताना ते टिळकांचे वऱ्हाडातले खंदे अनुयायी झाले. टिळकांवर त्यांनी संस्कृतात 'श्रीतिलकयशोर्णवः' हे महाकाव्य रचले. त्यांच्या निधनानंतर, १९७३ मध्ये, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

असा पंडित १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गेला आणि परवानगीशिवाय गवत कापून त्याने अटक करवून घेतली. वऱ्हाडाला समुद्र नाही. मिठाचा कायदा इथे मोडणार कसा? पण जंगलचा कायदा दारात होता. गुरांचा चारा, सरपण, मोह, बांबू यांवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क एका अधिसूचनेने गुन्हा झाला होता आणि त्याची झळ कुणब्यापासून कोलामापर्यंत सगळ्यांना लागत होती. जंगलावर हक्क कोणाचा, याचे उत्तर गावकऱ्याला परंपरेने ठाऊक होते. ते न्यायाच्या भाषेत मांडायला अण्यांसारखा शास्त्र आणि कायदा दोन्ही जाणणारा माणूस पुढे आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला, तेव्हा पुसदच्या त्या सत्याग्रहाला शहात्तर वर्षे झाली होती.

पाकिटावरचे ज्ञान

चौथा वारसा पऱ्हाटीचा. कापूस ही यवतमाळची ओळख. जुना कास्तकार देशी कापसाची सरकी घरीच राखायचा. वावराचा पोत, पावसाची ओढ आणि बियाणे यांचा मेळ त्याला बापाकडून मिळालेला असे. कापसात तूर, ज्वारी, मूग घेतला की एक बुडाले तरी दुसरे हाताशी लागे. १९७० मध्ये संकरित कापूस आला आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. संकरित वाणाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. उत्पन्न वाढले हे खरे. बोंडअळीपासून काही वर्षे सुटका झाली हेही खरे. पण बापाचे बियाण्याचे ज्ञान मुलाला निरुपयोगी झाले आणि सल्ला देण्याचे काम गावातल्या जाणत्याकडून कृषी केंद्राच्या दुकानाकडे गेले.

त्याची किंमत २०१७ च्या पावसाळ्यात दिसली. जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती, पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली होती, हातमोजे आणि मुखवटे नव्हते. धोक्याची सूचना बारीक अक्षरात होती, पण ती वाचून, समजून, शेजाऱ्याला सांगून पिढीत रुजवायला वेळच मिळाला नव्हता. तंत्र आले होते, त्याच्याबरोबरचे नेम आले नव्हते. फळ पिकेपर्यंत थांबायला शिकवणाऱ्या नेमासारखे काही या नव्या शेतीत अजून घडायचे होते.

याच जिल्ह्यातले शेतकरी सुभाष शर्मा रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले. गाय, झाड, पाणी अडवणारे बांध, मातीतले जीवजंतू, हे सगळे त्यांनी पुन्हा हिशेबात धरले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागचे आठवून, आज तपासून आणि उद्याचा हिशेब मांडून शेती करता येते, हे त्यांनी वावरात दाखवले.

पारख नसेल तर

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जुने सगळे परत आणा. तसे नाही. वारशात कडू बीही येते. चावडीवरचा निवाडा सोयीचा असतो, पण तिथे बाईला बोलू दिले जात होते का? जातपंचायतींनी वाळीत टाकून किती घरे उद्ध्वस्त केली! म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कौशल्य जातीला बांधलेले होते. बांबू विणणाऱ्याच्या पोराने बांबूच विणावा, ही मूल्यव्यवस्थाही त्याच वारशाचा भाग होती.

शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली: हस्तोद्योगातून शिक्षण. विचार मोलाचा होता, तरी बहुतेक ठिकाणी टिकला नाही. त्याचे एक कारण पालकांच्या मनात होते. पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणून ज्यांची पाठ वाकली, त्यांना शाळेतही टोपलीच दिसली तर राग येणार. त्या रागात तथ्य आहे. टोपली शाळेत यावी ती भूमिती आणि वनस्पतिशास्त्र शिकवायला, आणि ती सगळ्यांच्या मुलांनी विणावी, एकाच जातीच्या नव्हे.

वारसा बदलता येतो याचा पुरावाही यवतमाळनेच दिला. जानेवारी २०१९ मध्ये इथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. पतीच्या आत्महत्येनंतर शेती आणि मुले सांभाळणारी, याच जिल्ह्यातली ही शेतकरी बाई. ज्या समाजात विधवेला मंगलकार्यात पुढे येऊ देत नसत, तिथे सारस्वतांच्या मेळाव्याचा आरंभ तिच्या हातून झाला. जुनी रीत पारखली गेली आणि टाकली गेली.

शाळेने काय करावे

न्यूझीलंडमध्ये माओरींची भाषा मरणपंथाला लागली होती. १९८२ मध्ये त्यांनी 'कोहांगा रेओ' नावाची बालघरे सुरू केली. तिथे लहान मुलांबरोबर दिवसभर आजी-आजोबा असतात आणि माओरीच बोलतात. नवे शास्त्र काही नव्हते. ज्यांच्याकडे वारसा होता त्यांना शिक्षक मानले, एवढेच.

आपल्याकडे कायद्याची अडचण नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तितके शिक्षण मातृभाषेत द्या म्हणतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवायची आहे. ती वही कपाटात न ठेवता शाळेत आणावी. पहिली-दुसरीला पोडावरची किंवा तांड्यावरची शिकलेली तरुण मुलगी शिक्षिकेच्या जोडीला द्यावी. मोहाच्या हंगामात विज्ञानाचा तास झाडाखाली घ्यावा, आणि तो घ्यायला मुलांच्या आज्यांना बोलवावे, मानधन देऊन. पाचवीनंतर मराठी आणि इंग्रजी पक्की शिकवावी, कारण वसंतराव नाईकांना मुख्यमंत्रिपदापर्यंत नेण्यात कायद्याच्या पदवीचाही वाटा होता.

पूर्वजांचे ज्ञान गौरव केल्याने टिकत नाही. पुढच्या पिढीच्या हाताला ते काही काम देते का आणि तिला ते तपासून पाहण्याची मुभा आहे का, यावर त्याचे आयुष्य ठरते. तांड्याने दिलेली कसोटी शाळेने आपली मानावी: जाणावे, पारखावे, मग मानावे. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे केले, तरी पोडावरचे मूल काही विसरण्यासाठी शाळेत येणार नाही.